बाबांच्या पापांची दुभाषी

आधीच सांगून टाकते. बाबांनी त्या दुपारी फादरांना काय सांगितलं, ते मी लिहिणार नाही. ही बाई आडून आडून का होईना शेवटी सांगेलच असं कुणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल पान उलटावं. मी बांधलेली आहे. लिहिते आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं, आणि ते माझं आहे. त्यावर कुणाचा नियम नाही.

माझे बाबा धर्मशिक्षक होते. नगर जिल्ह्यात आमच्याकडे पाच-सहा गावांना मिळून एक फादर असायचे. ते महिन्यातून एकदा मिस्सेला, म्हणजे वेदीवरच्या उपासनेला यायचे, आणि बाकीचे सगळे दिवस गावाची प्रार्थना, मयत, मुलांची शिकवणी, सगळं धर्मशिक्षकाच्या गळ्यात. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. आवाज असा की चर्चला भोंगा घ्यायची वेळच आली नाही. पहिल्या पापनिवेदनाची, म्हणजे फादरांपुढे आपली पापं सांगण्याची तयारी ते आम्हा पोरांकडून पाच बोटांवर करून घेत. अंगठा म्हणजे आठवणं. मग वाईट वाटणं, मग पुन्हा न करण्याचं ठरवणं, मग सांगणं. करंगळी म्हणजे भरपाई. "चौथं बोट मोडलं तर मूठ वळत नाही," असं म्हणत आणि एकेकाचं चौथं बोट धरून हलवत. मग सांगावंच लागे. मी एकदा चोरून गूळ खाल्ल्याचं सांगितलं होतं आणि किती वेळा ते आठवेना म्हणून रडले होते.

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की त्यांचा आवडता धडा असायचा तो संदेष्ट्यांचा. देवाने आपल्या लोकांना बायको मानलं, आणि ती दुसऱ्यांच्या मागे गेली. मग देवाने माणसं पाठवली सांगायला, की परत फिर, अजून वेळ आहे. आम्ही नऊ-नऊ वर्षांची पोरं, आम्हाला काय कळणार कप्पाळ! पण बाबा भिंत हलेल अशा आवाजात सांगायचे आणि आम्ही थिजून ऐकायचो. शेवटी मात्र आवाज खाली यायचा. "ही ताकीद रागाची नाही रे पोरांनो. ज्याला टाकूनच द्यायचंय, त्याला कोण कशाला सांगायला येईल?" आई दाराशी तांदूळ निवडत हे सगळं ऐकत असायची. तिला लिहिता-वाचता येत नाही. अख्ख्या गावाच्या पोरांकडून बाबांनी बाराखडी घोटून घेतली, घरातली बाई तेवढी राहिली.

मी सहावीत होते त्या वर्षी बाबा दर गुरुवारी सायकलवरून एका वस्तीवर शिकवायला जात आणि शुक्रवारी परत येत. पुढे फादरांनी वर्षाच्या मध्येच आमचं बिऱ्हाड दुसऱ्या गावाला हलवलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही. नव्या गावात पहिल्या आठवड्यात बाबा आणि मी जेवत होतो. आई भाकरी थापता थापता थांबली. "लोक म्हणतात ते खरं का?" एवढंच विचारलं तिने. बाबांनी वर पाहिलं नाही. मान हलवली, नाही म्हणून, आणि दुरडीतली भाकरी घेतली. तव्यावरची करपत होती. ती आईने उलटली.

त्यानंतर आईने त्यांना हाक मारणं सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. ताट वाढलंय, कपडे धुतलेत, ताप आला तर कपाळावर घड्या. पण "अहो" म्हणून हाक नाही. माझ्या लग्नाच्या आधी साड्यांची बांधाबांध करताना ती मला आपणहून म्हणाली, "मला भांडायचं नव्हतं गं. एकदा हो म्हणावं, बस. हो म्हणाले असते तर रडले असते, चार दिवस माहेरी जाऊन बसले असते, आणि आले असते परत. नाही म्हणाले, आता मी जाऊ कुठे आणि परत येऊ कुठून?" मी तेव्हा बावीस वर्षांची, मला लग्नाची घाई. तो तिचा शब्द माझ्या डोक्यात शिरायला पुढची वीस वर्षं गेली.

लखनौला मी नोकरीमुळे आले. एका संशोधन संस्थेत वनस्पतींच्या रोगांवर काम करते. नवरा एअरफोर्समध्ये, त्याची बदली कुठे ना कुठे, त्यामुळे विकास नगरच्या घरात मी आणि लेक. बाबा थकल्यावर दोघांना इकडे आणलं. चारबाग स्टेशनावर उतरल्या उतरल्या हमालाने "आइए बाबूजी" म्हटलं तर बाबा खूश. "बघ, हमालसुद्धा आप म्हणतो!" हिंदी त्यांना कळते बऱ्यापैकी, बोलण्याची मजल मात्र भैया, सब्जी, कितना, बहुत महँगा, इथवर. आईची तेवढीही नाही. माझी लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. तेव्हा घरात दिवसभर मीच इकडचं तिकडे करत असते. आणि खरं सांगायचं तर मी गाळून करते. आईला बोचेल ते सांगतच नाही. शेजारीण काही लागेलसं बोलली तर मी म्हणते, "तुझ्या लोणच्याचं विचारतेय." सवयच झाली.

इथल्या चर्चमध्ये पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की कम्युनियनच्या वेळी, वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर घ्यायला, बाबा उठत नाहीत. पाय आखडून घेतात, बाकीच्यांना वाट देतात, बसून राहतात. गावी असं करता आलं नसतं. मास्तर कम्युनियन घेत नाहीत म्हणजे कुठलं तरी मोठं पाप सांगायचं राहिलंय, अशी आठवडाभर चर्चा चालली असती. इथे शेजारचे म्हणायचे, "बाबूजी के घुटने में दर्द होगा." चार वर्षं त्यांचा गुडघा असा दुखला. आई उठायची, त्यांच्या पायांवरून पुढे जायची, घेऊन परत यायची. बघायची नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण आमच्या घरात एकदा विचारून झालं होतं ना.

गेल्या नाताळात गाणी म्हणताना त्यांचा आवाज फाटला. थंडी, धूर, इथलं धुकं, काय काय कारणं काढली आम्ही. शेवटी तपासण्या झाल्या. घशात गाठ निघाली, वाईट जातीची. डॉक्टर खास लखनवी, पेशंटला धक्का देतानासुद्धा अदबीने देणारे. म्हणाले, जान बच जाएगी, आवाज़ नहीं बचा पाएँगे. स्वरयंत्रच काढणार. गळ्याला भोक राहणार, श्वास तिथून. आईने माझी बाही ओढली. "काय म्हणतोय गं?" मी म्हटलं, "छोटं ऑपरेशन आहे." बाबांना डॉक्टरांचं सगळं कळलं होतं. ते माझ्याकडे बघत होते.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. उपवासकाळ सुरू झाला होता आणि ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मिस्सेत वाचन करायची पाळी नेमकी माझी होती. कागद हातात घेतला. तेच, बाबांच्या आवडत्या धड्यातलं. बेइमान निघालेली ती, आणि परत ये म्हणून निरोप धाडणारा तो. मी हिंदीतून वाचत होते आणि कानात मात्र बाबांचा तो जुना मराठी आवाज घुमत होता. वाचून वर बघितलं तर गळ्याला मफलर गुंडाळलेले बाबा खाली फरशीकडे बघत होते आणि आई बाबांकडे बघत होती. किती वर्षांनी तिला त्यांच्याकडे असं उघड बघताना पाहिलं मी. परत येताना ऑटोत ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "फादरांना घरी बोलाव. ऑपरेशनच्या आत. मला पापनिवेदन करायचंय."

फादर तरुण, झारखंडचे, अतिशय गोड माणूस. मराठीचा गंध नाही. फोनवर म्हणाले, काळजी करू नका, बाबूजींनी नुसता मनातून पश्चात्ताप करावा, मी आजाऱ्यांचं पवित्र तेल लावतो, पापक्षमा देतो, ईश्वराला सगळ्या भाषा येतात. मी हे बाबांना सांगितलं. "देवाला येतात गं," बाबा म्हणाले. "मला सांगायचंय. तोंड आहे तोवर तोंडाने सांगायचं, हे मी आयुष्यभर शिकवलंय." मी म्हटलं, मग हिंदीत सांगा तोडकंमोडकं. "पाप सांगण्याइतकी हिंदी नाही माझी." मग मी गावच्या फादरांशी व्हिडिओ कॉल जोडून देते. "फोनवर पापक्षमा नसते. समोर माणूस लागतो." मी वैतागले. मरणाच्या दारात माणूस नियम कसले दाखवतो! तर त्यांनी आणखी एक नियम काढला. "दुभाषी चालतो. जे ऐकेल ते त्यालाही गुप्त ठेवावं लागतं, फादरांसारखंच. विचार त्यांना."

विचारलं. चालतो म्हणाले.

माझ्या प्रयोगशाळेत एक पुण्याचे गृहस्थ आहेत, सज्जन, तोंडाला कुलूप. मी म्हटलं, त्यांना आणते. बाबा म्हणाले, "तू बस."

"बाबा, मी तुमची मुलगी आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि कुशीवर वळले. मला असा संताप आला! वाटलं, आयुष्यभर गप्प राहिलात, आता जाता जाता ही धोंड माझ्या डोक्यावर ठेवून मोकळे होणार. आणि त्याच वेळी त्यांचे ते मफलरमधले खांदे बघून रडूही येत होतं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला जागाच कुठे होती?

फादर सोमवारी दुपारी आले. आईने पलंगावर धुतलेली चादर घातली, फादरांना खुर्ची, मला स्टूल. कुणी काही सांगायच्या आत ती स्वतःच गच्चीत गेली आणि दार बाहेरून ओढून घेतलं. फादरांनी गळ्यात जांभळी पट्टी घातली आणि माझ्याकडे वळले. इथून उठल्यावर हे तुम्ही कुणाजवळही बोलायचं नाही, बाबूजींजवळसुद्धा नाही, कधीच नाही, असं त्यांनी मला नीट समजावलं. मी मान डोलावली. त्यानंतरचं मी लिहिणार नाही म्हटलं ना. एवढंच सांगते की मी नेहमी गाळून भाषांतर करणारी बाई, त्या दुपारी मी काही गाळलं नाही. फादर गेले तेव्हा माझी जीभ जड झाली होती आणि मी दोन तांबे पाणी प्याले.

आई आत आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले तर मागोमाग आली.

"काय गं, माझं निघालं का काही?"

"आई, सांगता येत नाही."

"काय सांगितलं ते कुठे विचारतेय मी? निघालं की नाही एवढंच विचारतेय."

"तेसुद्धा नाही सांगता येत गं."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "बरंय," म्हणाली. "देवाला कळलं. त्या कोवळ्या पोराला कळलं. तुला कळलं. मीच तेवढी राहिले."

तिला जवळ घ्यायला गेले तर तिने हात झटकला, कणीक मळायला घेतली. त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला, फादरांचा, नियमांचा, देवाचाही. देव माफ करून मोकळा. त्याला बोलावणं धाडायचं, त्याने यायचं, क्षमा करायची. आणि जिचं खरं देणं आहे ती दार ओढून गच्चीत उभी. बाबांचं पाचवं बोट कुठे गेलं? भरपाईचं? हे मी त्या दुपारी ऐकलेल्यावरून म्हणत नाही हं. भाकरीवरची ती हललेली मान मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, सहावीत. तिच्यावर माझा हक्क आहे.

त्याच हक्काने मंगळवारी बाबांना म्हटलं, "आईशी बोला. दोन दिवस उरलेत आवाजाचे." ते म्हणाले, "बोलतो." आणि बोलले की! गावी तीन जणांना फोन केले. नातीला गावच्या विहिरीची गोष्ट सांगितली, ती "फिर क्या हुआ नाना?" विचारत बसली. खोकत खोकत पूर्ण जपमाळ म्हटली. बुधवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. सकाळी आईने चहाचा कप हातात दिला. ते तिच्याकडे बघत राहिले, ओठ हलले, मी दाराआड उभी. "चहा चांगला झालाय," बाबा म्हणाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनी आईच्या चहाला चांगला म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. आईने रिकामा कप घेतला आणि विसळला. त्यांचा आवाज तिने ऐकला तो हाच शेवटचा.

ऑपरेशन पार पडलं. पाच दिवस आयसीयूत ठेवलं, आईला आत सोडलंच नाही. सहाव्या दिवशी वॉर्डात आणलं. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन बऱ्याच सूचना दिल्या. नळी, सफाई, नाकातून जाणारं जेवण, टाके निघेपर्यंत मान अजिबात हलवायची नाही, उजवीकडे नाही, डावीकडे नाही. आई शेजारी उभी. "काय म्हणतोय?" "बरे आहेत म्हणतोय, काळजी करू नको," मी म्हटलं. नेहमीसारखं.

लिहायला म्हणून मी आलमबागच्या बाजारातून साधी पाटी आणि पेन्सिल आणली होती. दुकानदाराने मार्करवाला पांढरा बोर्ड दाखवला, पण बाबांच्या हाताला पाटीच हवी होती. त्यांनी ती पोटावर ठेवली, डाव्या हाताला सलाईन, उजव्याने हळूहळू लिहिलं आणि पाटी आईपुढे धरली. माझ्यापुढे नाही, आईपुढे. आईने ती दोन्ही हातांनी घेतली. खूप वेळ बघितली. मग माझ्याकडे दिली. "काय लिहिलंय?"

पाटीवर लिहिलं होतं, पायावर चादर.

आईचे डोळे माझ्या ओठांवर होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर कधी पाहू नये, एवढंच देवाजवळ मागते. आणि मी, जिला जे खरं माहीत आहे ते जन्मात सांगता येणार नाही, त्या मी तोंड उघडलं आणि वाचलं, "खरं होतं. मला माफ कर."

बाबांचे कान शाबूत होते. त्यांनी ऐकलं. डोळे मोठे झाले, माझ्यावर रोखले गेले, मग आईवर. आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या मानेकडे बघत होती, पट्ट्या गुंडाळलेल्या त्या मानेकडे. मान हलली नाही. उजवा हातही चादरीवर होता तिथेच राहिला. त्या हाताने त्यांना नाही म्हणता आलं असतं. पाटी मागता आली असती. हे मी तेव्हापासून शंभर वेळा मनात घोळवलंय आणि मला काहीच कळलेलं नाही. आई उठली, पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि त्यांच्या उघड्या पावलांवर चादर ओढली.

"अहो," ती म्हणाली. "आता ऊब लागतेय का?"

घरी यायला आम्ही ऑटोत बसलो. मग आई म्हणाली, "तू खोटं वाचलंस. लहानपणापासून खोटं बोललीस की नाक ओढतेस." माझं तोंडच उतरलं. मी काही बोलायच्या आत तिने माझा गुडघा थोपटला. "असू दे. पण त्यांनी मान नाही हलवली. त्या वेळी हलवली होती, या वेळी नाही." ती खिडकीबाहेर बघू लागली, आणि मला सांगता येईना की डॉक्टरांनी मान हलवायला बंदी केली आहे. ते मी भाषांतरात गाळलं होतं.

मी पुढच्या शनिवारी त्याच फादरांकडे गेले, माझं स्वतःचं पापनिवेदन करायला. आजारी माणसाच्या नावाने खोटं बोलले, म्हटलं. आईला फसवलं. त्यांनी काय प्रायश्चित्त दिलं ते मला माझं असल्यामुळे सांगता येईल. आईला खरं सांगा, म्हणाले. मी हो म्हणून आले आणि आठ दिवस टाळलं.

टाके काढून घरी आणलं त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा खिडकीकडे मान वळवून रस्त्यावरचा भाजीवाला पाहिला. आई त्यांच्यासाठी पेज ढवळत होती. मी हिंमत करून तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "आई, मला तुला एक सांगायचंय. नाहीतर तूच असं कर. तूच त्यांना समोर बसून विचार. पुन्हा एकदा."

आईने पेजेचा गॅस बारीक केला.

"नको गं," म्हणाली. "आता मान हलते त्यांची."